राजा-गुलाम हातात आणि बोलायची पाळी आधी

प्रश्न : मी फ्रीमाँट, कॅलिफोर्निया इथे राहतो. अधूनमधून शनिवारी ऑफिसातल्या मित्रांबरोबर जवळच्या कार्डरूममध्ये पोकर खेळायला जातो. टेबल एक-तीन डॉलरचं, माणसं बहुतेक अनोळखी. घरी लहानपणापासून रमी आणि ब्रिज होतं, त्यामुळे पत्ते नवे नाहीत. मोठी पानं आली की कळतं, फालतू आली की टाकूनही देतो. घोळ होतो तो मधल्या पानांत. मागच्या खेपेला मी बिग ब्लाइंडवर होतो. हातात इस्पिकचा राजा आणि चौकटचा गुलाम. मधल्या जागेवरच्या एका गृहस्थाने बारा डॉलर केले, बाकीचे सगळे गेले, मी कॉल केला. फ्लॉपवर बदामचा राजा, किलवरची अठ्ठी, चौकटची तिर्री. मी चेक, त्याचे पंधरा, मी कॉल. टर्नवर इस्पिकची दुर्री. मी चेक, त्याचे पस्तीस, मी कॉल. रिव्हरवर बदामची सत्ती. मी चेक, त्याचे नव्वद. बराच विचार करून मी कॉल केला आणि त्याने एक्का-राजा दाखवला. माझं नक्की कुठे चुकलं, शेवटी की आधीच?

उत्तर : निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. फ्लॉपवरचा कॉल बरोबर होता. टर्नवरचा चालण्यासारखा. रिव्हरवर पानं टाकायला हवी होती. पण तुम्हाला सगळ्यात महाग पडणारी चूक त्या नव्वद डॉलरची नाही. फ्लॉपच्या आधी जे नऊ डॉलर घातलेत, ती. नव्वदचा प्रसंग क्वचित येईल. नऊचा प्रसंग दर तासाला येतो, आणि तो तुम्हाला चूक वाटतच नाही.

आधी जागेचं बोलू. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच (फ्लॉपवर तीन, टर्नवर एक, रिव्हरवर एक), आणि बोलीच्या चार फेऱ्या. बटन नावाची गोल चकती डावागणिक एकेक जागा पुढे सरकते. ज्याच्यासमोर ती असते तो फ्लॉप, टर्न आणि रिव्हर या तिन्ही फेऱ्यांत सर्वांत शेवटी बोलतो. बिग ब्लाइंडवाला, म्हणजे पानं बघण्याआधीच सक्तीची मोठी रक्कम भरणारा, या तिन्ही फेऱ्यांत जवळजवळ नेहमी आधी बोलतो. त्याच्याही आधी बोलणारा एकच, स्मॉल ब्लाइंडवाला, आणि तुमच्या डावात तो उठून गेला होता. म्हणजे तीन वेळा तुम्हाला समोरच्याचं काही न ऐकता बोलायचं होतं आणि त्याला तिन्ही वेळा तुमचं ऐकून. जमिनीच्या व्यवहारात पहिला आकडा ज्याच्या तोंडून निघतो त्याचं जे होतं, तेच इथे.

हा तोटा सगळ्या पानांना सारखा बसत नाही. अठ्ठ्यांची तिकडी हातात असेल तर तुम्हाला पॉट मोठाच करायचा असतो, मग आधी बोला की नंतर, फारसं बिघडत नाही. हातात काहीच नसेल तर उठून जायचं असतं, तेही कुठूनही जमतं. मधल्या पानाची इच्छा मात्र चमत्कारिक असते. त्याला पैसे फार वाढायला नको असतात आणि सोडूनही द्यायचं नसतं. स्वस्तात शेवटपर्यंत जाऊन पानं उघडायला मिळावीत, एवढंच त्याला हवं असतं. आणि शेवटपर्यंत जाण्याचा भाव किती, हे ठरवण्याचा हक्क नेमका शेवटी बोलणाऱ्याकडे असतो. त्याला वाटलं तर तो चेक करून फुकटात पुढचं पान बघेल, वाटलं तर पस्तीस डॉलर मागेल. तुम्हाला यातलं काहीच ठरवता येत नाही. मधली पानं आधी बोलताना नकोशी होतात ती यामुळे.

आता ते नऊ डॉलर. बिग ब्लाइंडचे तीन तुम्ही आधीच भरले होते, पॉटमध्ये त्याचे बारा, तुमचे तीन आणि स्मॉल ब्लाइंडचा एक असे सोळा होते. सोळा जिंकण्यासाठी नऊ घालायचे, म्हणजे पंचविसातले नऊ, शेकडा ३६. तेवढ्या वेळा हा डाव तुमच्याकडे यायला हवा, तर बरोबरी. पुस्तकांत आणि व्हिडिओंत ‘बिग ब्लाइंड सहज सोडू नका’ असं सांगतात, ते खोटं नाही. पण तिथे समोरच्याने ब्लाइंडच्या सव्वादोन-अडीच पट केलेले असतात. त्याने सात केले असते तर तुम्हाला अकरासाठी चारच घालायचे होते, शेकडा २७ च्या आत. कार्डरूममध्ये चारपट, पाचपट वाढवण्याची रीत आहे. सल्ला एका भावाचा आणि पैसे दुसऱ्या भावाने, असा प्रकार तिथे सर्रास चालतो.

राजा-गुलाम दिसायला रुबाबदार. दोन्ही चित्रांची पानं. पण बारा डॉलर करणाऱ्या माणसाकडे काय असतं बघा. एक्का-राजा असेल तर तुम्ही चारातून एकदा जिंकता. राण्यांची जोडी असेल तर तीसेक टक्के. एक्क्यांची असेल तर तेरा-चौदा. दश्श्यांची जोडी किंवा एक्का-राणी असेल तेव्हा कुठे तुम्ही चाळीसच्या आसपास किंवा वर जाता. शिवाय हे सगळे आकडे पाचही पानं फुकट दिसली तर, या हिशेबाचे आहेत. प्रत्यक्षात फ्लॉपवर राजा किंवा गुलाम पडतो तीनातून एकदा. उरलेल्या दोन वेळा तुम्ही चेक करता, तो बेट लावतो आणि तुम्ही जाता, मग त्याच्याकडेही काही नसलं तरी. कागदावरच्या आकड्यांतले काही टक्के असे जागेपायी गळतात. त्यातून कार्डरूम आपला वाटा कापून घेते. ३६ चा भाव मग परवडत नाही.

डेव्हिड स्क्लान्स्की या लेखकाने यावर एक साधी कसोटी दिली आहे: एखाद्या जागेवरून तुम्ही स्वतः ज्या पानांवर डाव सुरू कराल, त्याहून चांगली पानं दुसऱ्याने सुरू केलेल्या डावात शिरायला लागतात. सुरू करणाऱ्याकडे जिंकण्याचे दोन मार्ग असतात. पानं चांगली निघतात, किंवा सगळे पळून जातात. तुमच्याकडे कॉल करताना एकच मार्ग उरतो. याउलट डॉईल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ या लागोपाठ दोन वर्षी लास व्हेगासच्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरचा मुख्य सामना जिंकला, आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्री होती. तेव्हापासून दश्शी-दुर्रीवर पैसे लावणारे भाविक प्रत्येक कार्डरूममध्ये भेटतात. त्यांना तसंच लावू द्या.

तुम्ही आत शिरलातच, आणि फ्लॉपवर राजा आला. इथून पुढे खरी मोजणी. ब्रिज खेळणाऱ्याला ती जड जाऊ नये.

समोरचा गृहस्थ साधारण शिस्तीचा आहे असं धरू. अठ्ठ्यांपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम, आणि राजा-राणी, एवढ्यांवर तो बारा करतो. आता ही पानं किती प्रकारे जमू शकतात? एक राजा तुमच्याकडे, एक टेबलावर, उरले दोन. एक्के चार. म्हणजे एक्का-राजा आठ प्रकारे. राजा-राणीही आठ. एक्क्यांची जोडी सहा प्रकारे, राजांची एकाच, टेबलावर अठ्ठी असल्याने अठ्ठ्यांची तीन. बेरीज सव्वीस. एवढ्या वेळा तुम्ही मागे आहात. ज्यांच्या पुढे आहात ते असे: राण्यांची जोडी सहा, दश्श्यांची सहा, नव्व्यांची सहा, एक गुलाम तुमच्याकडे असल्याने गुलामांची तीन, एक्का-राणी सोळा, एक्का-गुलाम बारा. बेरीज एकोणपन्नास. पंचाहत्तरांपैकी एकोणपन्नास वेळा तुमची पानं वरचढ आहेत. त्याने पंचविसाच्या पॉटमध्ये पंधरा लावले, तुम्हाला सत्तावीस टक्क्यांचा भाव मिळाला. इथे पानं टाकणारा भित्रा म्हणायचा. आणि वाढवणारा उतावळा, कारण तुम्ही चाळीस-पन्नास केलेत की त्या एकोणपन्नासांतले बहुतेक पळतील आणि सव्विसांतला एकही हलणार नाही.

टर्नवर दुर्रीने कोणाचंच काही बदललं नाही. पण त्याने पुन्हा पस्तीस लावले, आणि या दुसऱ्या बेटने यादी बदलते. नव्व्या आणि दश्श्या घेऊन बसलेला माणूस टेबलावरच्या राजाकडे बघून सहसा थांबतो. गुलामांची जोडीही. एक्का-राणी, एक्का-गुलामवाल्यांतले निम्मे थांबतात. तुमच्या बाजूला पंधरा-सतरा प्रकार उरतात, त्याच्या बाजूला तेच सव्वीस. भाव अठ्ठावीस टक्के, तुमची जिंकायची शक्यता अजून चाळिसाच्या आसपास. म्हणून चालण्यासारखा म्हटलं. समोरचा वयस्कर, दोन तासांत दोनदाच बेट लावणारा असता तर मी इथेच सोडा म्हटलं असतं.

आणि रिव्हर. पॉट एकशे पंचवीस, त्याचे नव्वद. टर्नपर्यंतची चारही पानं चार रंगांची असल्याने फ्लश कोणाचा होऊच शकत नाही, सरळ क्रमही जमत नाही. म्हणजे अर्धवट राहिलेला कलर किंवा क्रम घेऊन तो थाप मारतोय, ही शक्यताच पानांनी खोडून टाकली आहे. हे तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं तपशिलाचं वाक्य आहे आणि तुम्ही ते सहज लिहून गेलात. आता मोजा. खऱ्या पानांवर तिसऱ्यांदा लावणारे: एक्का-राजाचे आठ, एक्क्यांचे सहा, अठ्ठ्यांचे तीन, राजांचा एक, राजा-राणीतले निम्मे म्हणजे चार. बावीस. तीनशे पाचच्या पॉटमध्ये तुमचे नव्वद, म्हणजे साडेएकोणतीस टक्के वेळा तुम्ही जिंकायला हवं. त्यासाठी या बावीस प्रकारांच्या जोडीला नऊहून थोडे जास्त प्रकार निव्वळ थापेचे लागतात. ते येणार एक्का-राणी आणि एक्का-गुलाम यांच्या अठ्ठाविसांतून. हातात एकही जोडी नसताना, राजा टेबलावर, दोनदा कॉल करून चिकटून बसलेल्या माणसावर तिसऱ्यांदा नव्वद डॉलर फेकणारा दर तीन वेळांतून एकदा भेटतो का? एक-तीनच्या टेबलावर नाही भेटत. तिथली माणसं दोनदा कॉल फार करतात, तीनदा थाप फार कमी मारतात. हे माझं मत आहे, पण त्या टेबलांवर बसणाऱ्या बहुतेकांचं ते असेल.

यावर शास्त्र जाणणारा एक आक्षेप घेईल, आणि तो विचारात घ्यायला हवा. नव्वद लावून एकशे पंचवीस जिंकू पाहणाऱ्यासमोर तुम्ही शंभरातून बेचाळीसपेक्षा जास्त वेळा पळालात, तर तो कुठलीही पानं घेऊन नफ्यात खेळू शकतो. म्हणजे अठ्ठावन्न वेळा तरी तुम्ही थांबायला हवं, आणि राजाची जोडी त्या अठ्ठावन्नात बसते. हिशेब अचूक आहे. पण तुमचा फायदा घ्यायचा तर तुम्ही पळता हे त्याला आधी कळायला हवं. अनोळखीपणा दोन्ही बाजूंनी असतो. तो तुम्हाला ओळखत नाही, आज एकदा पळालात त्यावरून उद्याचं काही ठरवणार नाही, बहुधा उद्या भेटणारही नाही. दररोज त्याच माणसांत बसत असाल तर मात्र हा आक्षेप जड आहे.

‘अनोळखी’ हा शब्द तुम्ही वापरलात, म्हणून त्याच्याबद्दल थोडं. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस इंटरनेटवरच्या एका स्वस्त पात्रता-सामन्यातून वर्ल्ड सीरीजच्या दहा हजार डॉलर प्रवेशाच्या मुख्य सामन्यात पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून घरी गेला. त्या वर्षी ८३९ खेळाडू होते. पुढच्या वर्षी २,५७६, आणि २००६ साली ८,७७३. त्याआधी लास व्हेगासच्या मोठ्या टेबलांवरची मंडळी एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत. त्यानंतर प्रत्येक टेबल अनोळख्यांचं झालं. म्हणजे तुमची अडचण तुमच्या एकट्याची नाही.

पण अनोळखी माणूस म्हणजे कोरा कागद नव्हे. त्याने कुठल्या जागेवरून वाढवलं, किती वाढवलं, पूर्ण रक्कम घेऊन बसलाय की मोजके साठ डॉलर पुढ्यात ठेवून, प्रत्येक डावात शिरतो की पाचातल्या एकात, हे पहिल्या वीस मिनिटांत कोणालाही दिसतं. सगळ्यात बोलकी असतात ती शेवटी उघडलेली पानं. तुम्ही डावात नसतानाही ती बघा, आणि बघताना मागे जाऊन आठवा, ही पानं घेऊन त्याने फ्लॉपवर काय केलं होतं. डोळे, हात, श्वास वाचण्याच्या गोष्टी सिनेमात ठीक. ज्याला तुम्ही पूर्वी कधी पाहिलं नाही, त्याचा हात एरवी थरथरतो की नाही हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार?

हे सगळं पाहून उरलेलं काम फ्लॉपच्या आधी करायचं. मधल्या जागेवरच्या बारा डॉलरना राजा-गुलाम, राजा-दश्शी, राणी-गुलाम, एक्का-दश्शी वेगवेगळ्या रंगांचे असतील तर सरळ टाका. एकाच रंगाचे असतील तर बिग ब्लाइंडवर विचार करा, कारण मग फ्लश जमण्याची वाट उघडी राहते आणि जागेचा तोटा थोडा भरून निघतो. छोट्या जोड्या खेळायला सोप्या. साडेआठ वेळांतून एकदा फ्लॉपवर तिकडी होते, एरवी उठून जायचं, मधली अवस्था येतच नाही. समोरच्याकडे आणि तुमच्याकडे चिप्स भरपूर असतील तरच मात्र त्या परवडतात. स्मॉल ब्लाइंडवर तर कॉल हा शब्दच विसरलात तरी चालेल. टाका, किंवा पानं खरंच चांगली असतील तर पुन्हा वाढवा. बटनवरच्या माणसाने वाढवले असतील तेव्हा गोष्ट वेगळी. तो कशावरही वाढवतो, त्याच्यासमोर बिग ब्लाइंडवर राजा-गुलाम हे पुरेसं चांगलं पान आहे.

प्रश्न : आधी बोलायची पाळी आली की प्रत्येक वेळी चेकच का करायचं? आपणच बेट लावली तर समोरचा दबकणार नाही का?

उत्तर : ज्याने आधीच्या फेरीत वाढवलं त्याच्यावर फ्लॉपला आपणच आधी बेट लावण्याला अमेरिकन खेळाडूंनी ‘डाँक बेट’ असं हिणवून नाव दिलं. गाढवाची बेट, असा त्यातला भाव. अनेक वर्षं ती नवशिक्याची खूण मानली गेली. मग २०१९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या नोम ब्राउन आणि तुओमास सँडहोम यांनी प्लुरिबस हा संगणकी खेळाडू सहा जणांच्या टेबलावर बसवला. त्याने नावाजलेल्या व्यावसायिकांना हरवलं, आणि तपासल्यावर दिसलं की तो ही गाढवाची बेट माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा लावतो.

म्हणून उद्यापासून सगळीकडे लावायला लागू नका. प्रश्न फ्लॉप कोणाचा आहे, हा असतो. सत्ती-छक्की-पंजी असा फ्लॉप आला तर बिग ब्लाइंडवाल्याकडे छोटी, लागोपाठची पानं जास्त असू शकतात आणि वाढवणाऱ्याकडे एक्का-राजा. तिथे आधी बेट लावण्यात अर्थ असू शकतो. राजा-अठ्ठी-तिर्री हा फ्लॉप वाढवणाऱ्याचा आहे. वरच्या पत्रातल्या राजा-गुलामाने तिथे बेट लावली तर वाईट पानं पळतील आणि चांगली कॉल करतील, म्हणजे नको ते दोन्ही.

याचं मूळ संगणकापेक्षा जुनं आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या खेळ-सिद्धांतावरच्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे. अगदी सोपं केलेलं पोकर घेऊन फॉन नॉयमनने गणिताने दाखवलं की मोठी बेट लावावी ती फार चांगल्या पानांवर आणि फार वाईट पानांवर. मधल्यांवर चेक. थापेलाही वाईटच पान लागतं, कारण मधलं पान थापेत खर्च केलं तर त्याची जी थोडीफार पानं उघडून जिंकायची ताकद असते, ती वाया जाते. हे समजलं की अर्धे प्रश्न गळून पडतात.

एक अपवाद उपयोगाचा. रिव्हरवर समोरचा मोठं काही मागेल अशी धास्ती असेल तर आपणच पॉटच्या पाव भागाएवढी छोटी बेट लावून भाव आधी ठरवून टाकायचा. एकशे पंचविसाच्या पॉटमध्ये तीस. राजा-दश्शी, राण्यांची जोडी असलेले लोक कुतूहलाने कॉल करतात. अनोळखी माणसाने त्यावर वाढवलं तर पानं टाकायची, मनात किंतु न ठेवता. ओळखीच्या आणि हुशार माणसाविरुद्ध हे चालत नाही, तो तुमच्या छोट्या बेटचा अर्थ बरोबर लावतो.

प्रश्न : आम्ही दिवाळीत तीन पत्ती खेळतो. तिथे आधी आणि नंतर बोलण्याचा असा बाऊ कोणी करत नाही. पोकरमध्येच का?

उत्तर : कारण तीन पत्तीत चेक नाही. पाळी आली की चाल करा नाहीतर पॅक व्हा. फुकटात थांबण्याची सोय नसल्याने शेवटी बोलणाऱ्याला फुकटात पुढचं पान बघण्याचा फायदाही नाही. शिवाय टेबलावर मधून मधून नवी पानं पडत नाहीत, पानांचं मोल डावाच्या सुरुवातीला असतं तेच शेवटी. तीन पत्तीत तो फायदा दुसऱ्या मार्गाने येतो. पानं न बघता ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्म्या भावात राहता येतं. म्हणजे माहिती कमी तर पैसे कमी. होल्डेममध्ये आधी बोलणाऱ्याला माहिती कमी असते आणि सवलत काहीच नसते.

प्रश्न : पानांपेक्षा जागा महत्त्वाची, असं यूट्यूबवर एक जण सारखं सांगत असतो. यात अतिशयोक्ती किती?

उत्तर : बरीच, पण आधार आहे. नॉर्वेच्या आनेत ओब्रेस्टाडने २००७ साली, एकोणिसावा वाढदिवस उजाडण्याच्या आत, लंडनमध्ये वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर युरोपचा मुख्य सामना जिंकला. त्याच सुमारास तिने १८० जणांचा एक छोट्या रकमेचा ऑनलाइन सामना स्वतःची पानं एकदाच बघून जिंकल्याचं प्रसिद्ध आहे. बाकी डावांत ती फक्त जागा, समोरच्यांच्या बेटा आणि उरलेल्या चिप्स बघत होती. एका सामन्यावरून सिद्धांत निघत नाही. पण पानं न बघता आधी बोलण्याच्या जागेवर बसून तेच करून दाखवा म्हटलं तर कोणी पैज घेणार नाही.

प्रश्न : पुण्यात बसून मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळणं कायदेशीर आहे का? कौशल्याचा खेळ आहे म्हणतात.

उत्तर : कौशल्याचा मुद्दा ऑनलाइनपुरता आता उपयोगी पडत नाही. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटलं, आणि पोकरवाले अनेक वर्षं त्याच आधारावर उभे होते. त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा, असंही म्हटलेलं आहे. पोकरबद्दल उच्च न्यायालयांचंही एकमत नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा ठरवला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने हा वादच बाजूला सारला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, ते चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे वळते करून देणं यावर त्यात बंदी आहे. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर आहे. टेबलावर समोरासमोर खेळण्याला महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा लागू होतो. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवरचे कॅसिनो गोव्याच्या १९७६ च्या कायद्याखाली आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्त्यांखाली चालतात, तो परवाना महाराष्ट्रात चालत नाही. घरी खेळायचं तर बिनपैशाच्या चिप्स घ्या. वर सांगितलेली सगळी मोजणी त्यांच्यावरही होते.

जाता जाता फ्रीमाँटच्या वाचकांना एक विनंती. पत्रात तुम्ही पानं, रंग, बेटा सगळं नीट लिहिलंत, पण सुरुवातीला तुमच्यापुढे आणि त्याच्यापुढे किती डॉलरच्या चिप्स होत्या ते लिहिलं नाही. दोघांकडे तीनशे होते असं धरून मी उत्तर दिलं आहे. त्याच्याकडे शंभरच असते तर रिव्हरवर नव्वद लावायला त्याच्याजवळ उरलेच नसते आणि टर्नवरच सगळे पैसे आत गेले असते. मग टर्नचं उत्तर वेगळं आलं असतं. पुढचा डाव लिहून पाठवाल तेव्हा तो आकडा पहिल्या ओळीत लिहा.